नोकरीतील नैराश्य आणि मालकाची जबाबदारी

— एक विद्यार्थिनी, बी. कॉम., द्वितीय वर्ष

'डिप्रेशन' हा शब्द मी प्रथम ऐकला तो अर्थशास्त्राच्या तासाला. १९२९ साली न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, कारखाने बंद पडले, लाखो लोक बेकार झाले आणि त्या काळाला 'ग्रेट डिप्रेशन' असे नाव पडले, एवढे मी वहीत उतरवून घेतले. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे इंग्रजी शब्दांपुढे समासात मराठी प्रतिशब्द लिहून ठेवण्याची मला सवय आहे. या शब्दापुढे मी 'महामंदी' असे लिहिले आणि पान उलटले.

पुढल्याच वर्षी हाच शब्द एका डॉक्टरांनी माझ्या थोरल्या भावाच्या केसपेपरवर लिहिला. तेव्हा त्याच्यापुढे काय लिहावे हे मला सुचले नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मी तेव्हापासून मनात घोळवीत आहे. नोकरी करणाऱ्या माणसाला असा आजार झाला तर त्याच्या मालकाची काही जबाबदारी असते काय? असल्यास ती कोठे सुरू होते व कोठे संपते? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या नोकर होतील, काही जण मालक होतील, आणि बरेचसे जण या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसतील. तेव्हा हा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमाबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

आजार कोणता?

दुःख, कंटाळा, निराशा या गोष्टी कोणाच्या वाट्याला येत नाहीत? परीक्षेत गुण कमी पडले की चार दिवस जेवण गोड लागत नाही. पण ते चार दिवस सरतात. नैराश्याचा आजार याहून निराळा आहे. दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे मन उदास राहणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील गोडी नाहीशी होणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, एकाग्रता न होणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे आणि कधी कधी जगणेच नको वाटणे, ही त्याची लक्षणे डॉक्टर सांगतात. हा आळस नव्हे आणि स्वभावाचा दुबळेपणाही नव्हे. त्याला औषध आहे, बोलण्यातून करावयाचे उपचार आहेत, आणि बहुसंख्य रुग्णांना त्यांचा गुण येतो. मात्र औषधाचा परिणाम दिसावयास काही आठवडे जावे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही ते कित्येक महिने चालू ठेवावे लागते. नोकरदाराच्या दृष्टीने ही 'काही आठवड्यांची' बाब फार महत्त्वाची आहे, कारण नोकरी जाते ती बहुधा त्याच आठवड्यांत.

हा आजार किती जणांना असतो? बेंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तिच्या अंदाजाप्रमाणे भारतात दर २० माणसांत एकाला नैराश्याचा आजार असतो. म्हणजे आमच्या ८० विद्यार्थ्यांच्या वर्गाएवढे जर एखादे कार्यालय असेल, तर तेथे या हिशेबाने चार माणसे अशी निघतील. याच पाहणीत असेही दिसून आले की निरनिराळ्या मनोविकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत रुग्णांना उपचार मिळतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंता या दोन विकारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात आणि उत्पादनाचे नुकसान सुमारे एक लाख कोटी डॉलरचे होते. याच संघटनेच्या एका हिशेबानुसार या विकारांच्या उपचारांवर एक डॉलर खर्च केला तर चार डॉलर परत मिळतात. दया म्हणून नको, निदान नफा-तोटा म्हणून तरी या विषयाकडे पाहावे, असे हे आकडे सांगतात.

शब्दांविषयी थोडेसे. आपल्या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या एका मैत्रिणीला मी विचारले, तर तिने 'खिन्नते' हा शब्द सांगितला. आपल्या मराठीतही 'खिन्नता' आहेच. परंतु घरात ना तिची आई 'खिन्नते' म्हणते, ना माझी आई 'खिन्नता' म्हणते. दोघीही म्हणतात 'बेजार'. मराठी पुस्तकात बेजार म्हणजे त्रासून गेलेला. कन्नडमध्ये 'बेजारु' म्हणजे वाईट वाटणे, कशात मन न लागणे. बेळगावच्या बोलण्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत. माझा भाऊ धारवाडच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत डॉक्टरांसमोर बसला तेव्हा त्यांनी त्यांच्या सवयीप्रमाणे "निद्दी बर्तदेनु?" असे विचारले. झोप येते का, एवढेच. भाऊ बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बेजार आलंय." मी दुभाषी म्हणून बरोबर गेले होते, पण त्या शब्दाचे भाषांतर करावे लागले नाही.

काम आणि आजार

नैराश्याचे मूळ नेहमी नोकरीतच असते असे म्हणणे चुकीचे होईल. आनुवंशिकता, शरीरातील बदल, घरचे दुःख, कर्ज, व्यसन अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली असतात. उलट चांगले काम हे माणसाला सावरून धरते. ठरलेला पगार, दिवसाची घडी, चार माणसांची सोबत आणि आपण उपयोगाचे आहोत ही भावना, या गोष्टी बेकाराला मिळत नाहीत. म्हणूनच आजारी माणसाची नोकरी काढून घेणे म्हणजे त्याच्या हातची काठी काढून घेणे होय.

तथापि कामाची रीतच अशी असू शकते की ती आजाराला वाट करून देते किंवा असलेला आजार वाढविते. आवाक्याबाहेरचे काम, लांबलेले तास, आपल्या कामावर स्वतःचे काहीच नियंत्रण नसणे, नेमके काय करावयाचे याची अस्पष्टता, वरिष्ठांकडून अपमान, नोकरीची अनिश्चितता, ही कारणे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केली आहेत. २०२२ साली तिने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कर्मचाऱ्याला 'खंबीर राहा' असे सांगून भागणार नाही, कामाची रचना बदलली पाहिजे आणि अधिकाऱ्यांना शिक्षण दिले पाहिजे, असा त्यांचा रोख आहे.

आमच्या घरची गोष्ट

माझा दादा एका खाजगी वित्तसंस्थेत वसुलीच्या कामावर होता. सकाळी आठला मोटारसायकलवरून निघावे, खेड्याखेड्यांतून फिरून हप्ते गोळा करावेत आणि रात्री शाखेत हिशेब द्यावा, असे काम. रोज संध्याकाळी प्रत्येकाचा वसुलीचा आकडा फोनवरील सगळ्यांच्या गटात टाकला जाई. ज्याचा आकडा सर्वांत कमी त्याचे नाव वेगळ्या रंगात. आठवड्याची सुटी कागदावर होती. पण महिनाअखेर आली की ती नाहीशी होई. एका घरी हप्ता मागावयास गेला असता त्या बाईने आपले मूल त्याच्यापुढे उभे केले आणि "याला घेऊन जा" असे म्हटले. ते दादाने आम्हाला फार नंतर सांगितले.

गेल्या पावसाळ्यात तो पहाटे तीनला उठून बसू लागला. जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच राही. एक दिवस मी कॉलेजला निघाले तेव्हा तो मोटारसायकलवर बसलेला होता. दुपारी परत आले तरी तो तेथेच, गाडी न चालू करता, बसलेला. आईने दृष्ट काढली. वडील म्हणाले, "या वयात मी दोन पाळ्या करत होतो." मी काहीच म्हणाले नाही.

मी एक गोष्ट मात्र केली, आणि या लेखात ती सांगणे मला भाग आहे. दादाला रजेचा अर्ज इंग्रजीत द्यावा लागे. माझे इंग्रजी बरे म्हणून तो मला लिहावयास सांगे. कारणाच्या जागी मी 'ताप' लिहिले. पहिल्या वेळी, दुसऱ्या वेळी आणि तिसऱ्या वेळीही. खरे कारण लिहिले असते तर लोक काय म्हणतील, त्याच्या लग्नाचे काय होईल, वरिष्ठ त्याला वेडा ठरवतील, असे विचार मनात होते. तिसऱ्या अर्जानंतर त्याला नोटीस आली आणि महिनाभरात, वारंवार गैरहजेरी व असमाधानकारक काम या कारणांसाठी, नोकरी गेली. त्याच्या फाईलमध्ये आजाराचा एकही शब्द नव्हता. असणार कसा? तेथे माझ्या अक्षरात तीन ताप होते.

परदेशातील तीन निकाल

त्यानंतर मी ग्रंथालयात बसून या विषयावर जे मिळेल ते वाचू लागले. त्यातील तीन निकाल व्यापारी कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला इंग्लंडचा. नॉर्थम्बरलँड परगण्याच्या कौन्सिलमध्ये वॉकर नावाचे समाजकल्याण अधिकारी होते. मुलांवरील अत्याचारांची प्रकरणे वाढत गेली. माणसे मात्र वाढली नाहीत. १९८६ च्या नोव्हेंबरात ते खचून आजारी पडले. १९८७ च्या मार्चमध्ये परत आले तेव्हा त्यांना मदतनीस देण्याचे ठरले होते. ती मदत थोड्याच दिवसांत काढून घेण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते पुन्हा आजारी पडले. १९९५ च्या विधी अहवालांत छापलेल्या या निकालात न्यायालयाने मोठा बारकावा दाखविला. पहिल्या आजाराबद्दल मालक जबाबदार नाही, कारण त्याची कल्पना त्याला येण्यासारखी नव्हती. दुसऱ्या आजाराबद्दल मात्र जबाबदार आहे, कारण एकदा खचलेला माणूस त्याच ओझ्याखाली पुन्हा खचेल हे त्याला दिसावयास हवे होते.

दुसरा निकालही इंग्लंडचाच, २००२ सालचा. हॅटन नावाच्या शिक्षिकेला नैराश्य आले होते. परंतु तिच्या गैरहजेरीची दिसणारी कारणे निराळी होती आणि कामाचा भार असह्य होत आहे असे तिने शाळेला कळविले नव्हते. अपील न्यायालयाने तिच्याविरुद्ध निर्णय दिला. कर्मचारी जे सांगतो ते सामान्यतः खरे धरून चालण्याचा मालकाला अधिकार आहे, असे त्यात म्हटले आहे. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटले. 'ताप' असे सांगितले तर मालकाने ताप धरावा, यात कायद्याची चूक काढता येत नाही.

तिसरा जपानचा. देंत्सू ही तेथील मोठी जाहिरात कंपनी. १९९० च्या एप्रिलमध्ये नोकरीस लागलेल्या एका तरुणाने १९९१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, नैराश्यात आत्महत्या केली. तो रात्र रात्र काम करीत होता. त्याची प्रकृती ढासळत आहे हे वरिष्ठांना दिसत होते. पण त्यांनी काय केले, तर घरी जाऊन झोप आणि काम उरले तर सकाळी लवकर येऊन पुरे कर, असा सल्ला दिला. काम कमी केले नाही. २००० च्या मार्चमध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की थकवा व मनावरील ताण साचून कामगाराचे शरीर किंवा मन बिघडणार नाही याची काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मुलगा अती जबाबदारीने काम करणारा होता म्हणून भरपाई कमी करावी, हा मुद्दाही न्यायालयाने मानला नाही. कामसू स्वभाव हा काही दोष नव्हे.

परंतु निकालाने सर्व काही बदलते असेही नाही. त्याच कंपनीत २०१५ च्या डिसेंबरात २४ वर्षांच्या एका तरुणीचा तसाच अंत झाला. २०१७ मध्ये कंपनीला बेकायदेशीर जादा कामाबद्दल दंड झाला तो फक्त पाच लाख येन. जपानने मात्र काही उपाय केले. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी २०१५ च्या डिसेंबरपासून दरवर्षी मनावरील ताणाची तपासणी सक्तीची झाली. तिचा निकाल कामगाराला कळतो. त्याच्या संमतीवाचून तो मालकाला पाहता येत नाही. जादा कामाच्या तासांवर २०१९ च्या एप्रिलपासून कायद्याने मर्यादा आली.

आपल्याकडचा कायदा

आपल्या देशात यंत्रात बोट सापडले तर मालकाची जबाबदारी फार पूर्वीपासून मान्य झालेली आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस यांना तीत जागा होती. मनाच्या आजाराला नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि जुने अनेक कायदे त्यांत सामावले गेले. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य यांच्या २०२० च्या संहितेत, शक्य तेथवर सुरक्षित व आरोग्याला धोका नसलेले कामाचे वातावरण ठेवणे हे मालकाचे कर्तव्य सांगितले आहे. 'आरोग्य' या शब्दात मन धरावयाचे की नाही, हा प्रश्न उद्या न्यायालयांपुढे येईलच.

मनाच्या आजाराचा सरळ विचार करणारे दोन कायदे आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आणि शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा कंपन्यांनी वैद्यकीय विमा द्यावा असे सांगितले. दुसरा २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा. त्याच्या यादीत मानसिक आजार आहे. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या कारणासाठी काढून टाकता येत नाही किंवा हुद्दा कमी करता येत नाही, असे कलम २० मध्ये आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावे, असे कलम २१ सांगते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, १७ डिसेंबर २०२१ रोजी, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने पुढचे पाऊल टाकले. ज्या वर्तनामागे मानसिक आजाराचाही वाटा आहे, त्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई चालविणे हा अप्रत्यक्ष भेदभाव होय, असे पीठाने म्हटले.

मात्र दादासारख्या खाजगी नोकराच्या हाती यातले किती लागते? ज्याचा आजार महिन्या-दोन महिन्यांत बरा होण्याजोगा आहे, त्याला अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळेलच असे नाही, आणि ते मागावे अशी त्याची इच्छाही नसते. त्याला खरा आधार आहे तो साध्या नियमांचा. राज्य कर्मचारी विमा योजनेत नाव असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के आजारभत्ता मिळतो. आपल्या राज्याने १९६१ साली दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी कायदा केला, तेव्हा दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, आठवड्यातून एक पूर्ण सुटी आणि वर्षाला १२ दिवसांपर्यंत आजारपणाची पगारी रजा असे नियम घालून दिले. हे नियम करणाऱ्यांनी 'नैराश्य' हा शब्द कदाचित मनात आणलाही नसेल. तरी मनाच्या आरोग्याचा पहिला कायदा मी यालाच म्हणेन. रविवारची सुटी खरोखरीच मिळणे ही साधी गोष्ट नाही.

मालकाने काय करावे?

वरील सर्व गोष्टींवरून मालकाची कर्तव्ये मला पुढीलप्रमाणे दिसतात.

१. कामाचे माप माणसाकडे पाहून ठरवावे. उद्दिष्ट ठेवण्यास हरकत नाही. पण ते गाठणाऱ्याला ते ठरविताना विचारावे. कायद्याने दिलेले तास व सुटी पाळावी.

२. चारचौघांत अपमान करू नये. कमी आकड्याचे नाव वेगळ्या रंगात लिहिल्याने वसुली वाढते की नाही ते मला ठाऊक नाही, पण रात्रीची झोप जाते हे मी पाहिले आहे.

३. खरे कारण सांगता येईल अशी सोय करावी. हॅटनच्या निकालाप्रमाणे मालकाला कळले नाही तर तो जबाबदार नाही. ठीक आहे. पण न कळण्याची व्यवस्था ज्याने स्वतःच करून ठेवली आहे, त्याने त्या अज्ञानाचा फायदा घ्यावा काय? सांगणाऱ्याची नोकरी जाते अशी जेथे ख्याती आहे, तेथे सर्वांना ताप येणार. कार्यालयातील एका जाणत्या व्यक्तीवर हे काम सोपवावे, तिने ऐकलेले बाहेर जाऊ देऊ नये, आणि रजेसाठी डॉक्टरांचा दाखला पुरेसा मानावा. रोगाचे नाव सर्व टेबलांवरून फिरू नये.

४. कळल्यानंतर ओझे कमी करावे. नुसती रजा देऊन, परत आल्यावर साठलेले सगळे काम पुढ्यात टाकणे म्हणजे वॉकर यांचीच गोष्ट पुन्हा घडविणे होय. पहिले काही आठवडे कमी तास, निराळे काम, वेळेत थोडी सवलत, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

५. आजारपणाला बेशिस्त समजून शिक्षा करू नये. वर्षानुवर्षे नीट काम करणारा माणूस एकाएकी उशिरा येऊ लागला, चुका करू लागला, तर नोटीस काढण्यापूर्वी 'बरे आहे ना?' असे एकदा विचारावे. नोटिशीला कागद लागतो. या प्रश्नाला तोही लागत नाही.

६. उपचाराचा रस्ता दाखवावा. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर तेथे विनामूल्य बोलता येते. हा आकडा हजेरीपटाच्या शेजारी लावून ठेवावा.

मालकाने काय करू नये हेही सांगितले पाहिजे. त्याने डॉक्टर होऊ नये. घरच्या गोष्टी खोदून विचारू नयेत. 'सकारात्मक विचार करा' असे व्याख्यान देऊ नये. आणि मनःशांतीचे शिबिर भरवावयाचे तर ते रविवारी भरवू नये!

जबाबदारी एकाच बाजूची नाही, हेही मला मान्य आहे. कर्मचाऱ्याने विश्वास ठेवून सांगितले पाहिजे, उपचार मध्येच सोडता कामा नयेत, आणि बरे झाल्यावर काम नीट केले पाहिजे. घरच्यांनी दृष्ट काढण्याआधी डॉक्टर गाठला पाहिजे. आणि अर्ज लिहिणाऱ्या बहिणीने खरे लिहिले पाहिजे.

एक आक्षेप

'हे सर्व मोठ्या कंपन्यांना ठीक आहे. आमच्या गावातल्या दहा माणसांच्या धंद्याला हे कसे परवडणार?' असा आक्षेप एका सरांनी माझ्याशी बोलताना घेतला. तो रास्त आहे. त्याला मी उत्तर देत नाही, घडलेली गोष्ट सांगते.

पाच महिन्यांनी दादा उद्यमबागेतील एका लहान कारखान्याच्या मालाच्या कोठीवर नोकरीसाठी गेला. मालकांनी मागची नोकरी का सुटली ते विचारले. या खेपेस अर्ज लिहावयाचा नव्हता, तोंडाने सांगावयाचे होते, आणि दादाने सांगितले. मालक थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गोळ्या चालू आहेत काय?" दादा म्हणाला, "हो. सकाळी लवकर जाग येत नाही त्यांनी." मालक म्हणाले, "मग दोन महिने दहाला ये. संध्याकाळी तासभर जास्त थांब. नंतर बघू." एवढेच. त्यांच्याकडे कसले छापील धोरण नाही. त्यांनी मार्गदर्शक तत्त्वे वाचली असतील असे मला वाटत नाही. या सवलतीला खर्च किती आला? एक रुपयाही नाही. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी गोळी बदलली आणि आता दादा नऊला जातो. त्याला सगळे पूर्वीसारखे वाटते असे नाही. अजून एखाद्या दिवशी तो फार गप्प असतो. पण कोठीतला माल आणि वहीतला आकडा यांत त्याने अद्याप फरक पडू दिलेला नाही, हे तो आम्हाला रोज सांगतो, आणि आम्ही ते रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकतो.

समारोप

हिशेबशास्त्रात आपण शिकतो की यंत्र वापरले की झिजते, म्हणून दरवर्षी नफ्यातून घसाऱ्याची तरतूद करावी. जो व्यापारी घसारा दाखवीत नाही त्याचा नफा खोटा असतो, कारण तो भांडवलच खात असतो. माणूस हे यंत्र नव्हे, त्याची किंमत ताळेबंदात लिहिता येत नाही, हे खरे. पण म्हणून तो झिजतच नाही असे धरून चालणे, हाही खोटाच हिशेब होय.

विद्यार्थी मित्रांनो, दोन-तीन वर्षांत आपल्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर रजेचा अर्ज येईल. त्यात 'ताप' असे लिहिलेले असेल. पहिल्यांदा आला तर सही करावी. तिसऱ्यांदा आला तर त्या माणसाला आत बोलवावे, दार लोटून घ्यावे आणि बसावयास खुर्ची द्यावी. तो लगेच काही सांगणार नाही. तरीही विचारावे.

माझ्या वहीच्या समासात त्या शब्दापुढे आता मी 'बेजार' असे लिहिले आहे. परीक्षेत हा प्रतिशब्द चालणार नाही, हे मला ठाऊक आहे.